आपल्याच संस्थेचं विकिपीडिया पान आपणच लिहायचं का?

गेल्या काही वर्षांत विकिपीडियाचं नाव पेपरात आणि टीव्हीवर सारखंच यायला लागलंय. २०२४ मध्ये एएनआय या वृत्तसंस्थेनं दिल्ली उच्च न्यायालयात विकिमीडिया फाउंडेशनवर मानहानीचा दावा लावला, आमच्याबद्दलच्या पानावर बदनामीचा मजकूर आहे म्हणून, आणि तो मजकूर घालणारी माणसं कोण त्यांची माहिती द्या असं कोर्टानं सांगितलं. मग फेब्रुवारी २०२५ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांच्या पानावरच्या मजकुरावरून महाराष्ट्र सायबरनं विकिपीडियाला नोटीस पाठवली, संपादन करणाऱ्या काही जणांवर गुन्हाही दाखल झाला. तेव्हापासून इकडं बेळगावात, खानापुरात, निपाणीतही लोक विचारतात की ही पानं लिहितं कोण, आणि कोणीही लिहू शकत असेल तर आमच्याबद्दल आम्हीच का लिहू नये?

आपल्या भागात हा प्रश्न जास्तच येतो, आणि त्याला कारण आहे. इथं गावोगाव मराठी माणसांनी स्वतःच्या खिशातून संस्था उभ्या केल्यात, शाळा, वाचनालयं, पतसंस्था, तालमी. कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदीसारख्या गावांत दरवर्षी साहित्य संमेलनं भरतात, तीही गावकऱ्यांच्या वर्गणीतून. एवढं सगळं चालतं पण सरकारी कागदावर आपलं काही मराठीत राहत नाही ही खंत प्रत्येकाच्या मनात असते, मग निदान इंटरनेटवर तरी नोंद राहू दे असं वाटतं, आणि ते वाटणं अगदी खरं आहे. मग संस्थेच्या मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणतो, "सर, तुम्ही विकिपीडियावर लिहिताय न्हवं, मग आमचं एक पान करून द्या की." नाहीतर कॉम्प्युटर येणाऱ्या एखाद्या पोराला सांगितलं जातं. पोरगं स्मरणिकेतला मजकूर टाईप करून टाकतं, दोन-चार दिवसांत पानावर नोटीस लागते किंवा पानच उडतं, आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज फिरतो की मराठी संस्था आहे म्हणून काढलं.

बहुतेक वेळा कारण ते नसतं. कारण असं असतं की लिहिणारा त्या संस्थेचाच माणूस होता, त्यानं ते सांगितलं नव्हतं, आणि मजकुराला संस्थेबाहेरचा एकही पुरावा नव्हता. आपल्याच संस्थेबद्दल, आपल्याच माणसाबद्दल लिहिण्याचा हा नियम नेमका काय आहे तो नीट समजला तर आपल्या भागातली किती तरी चांगली माहिती विकिपीडियावर टिकेल असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे सगळं लिहितोय.

आधी विकिपीडिया चालतो कसा ते बघू

विकिपीडिया २००१ मध्ये सुरू झाला, मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला. चालवणारी विकिमीडिया फाउंडेशन ही अमेरिकेतली ना-नफा संस्था आहे, पण ती लेख लिहित नाही, सर्व्हर आणि कायदेशीर बाजू सांभाळते. लेख लिहिणारे तुमच्या-आमच्यासारखे लोक असतात, बिनपगारी. प्रत्येक लेखाला एक चर्चा पान जोडलेलं असतं, तिथं त्या लेखाबद्दल बोलायचं. आणि प्रत्येक लेखाला इतिहास असतो, म्हणजे कोणत्या खात्यानं कधी काय बदललं ते सगळं तारखेसकट कायम राहतं, कोणालाही बघता येतं. ज्यांना पानं काढायचे, खाती अडवायचे जादा अधिकार असतात त्यांना प्रचालक म्हणतात, तेही स्वयंसेवकच.

मजकुराबद्दल दोन गोष्टी मुख्य धरल्या जातात. एक, लिहिलेलं तटस्थ पाहिजे. दुसरी, प्रत्येक महत्त्वाच्या विधानाला बाहेरचा छापील किंवा ऑनलाईन संदर्भ पाहिजे, म्हणजे वाचणाऱ्याला स्वतः पडताळून बघता आलं पाहिजे. "मला माहीत आहे" हा संदर्भ होत नाही, मग तुम्ही कितीही मोठे असा. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या एका नावाजलेल्या कादंबरीकारानं आपल्याच कादंबरीच्या पानावरची चूक दुरुस्त करा म्हणून सांगितलं तर त्यालाही दुसरा संदर्भ द्या असंच उत्तर मिळालं, शेवटी त्यानं एका मासिकाच्या वेबसाईटवर जाहीर पत्र लिहिलं आणि मग त्या प्रसिद्ध झालेल्या पत्राचा आधार घेऊन पानात बदल झाला. वाचायला विचित्र वाटतं, पण व्यवस्था अशीच आहे, कारण स्क्रीनच्या पलीकडं खरंच तो कादंबरीकार बसलाय का दुसराच कोण ते कोणाला कळणार?

हितसंबंध आड येतात म्हणजे काय

तुमचं एखाद्या विषयाशी असं नातं असेल की त्या पानावर काय लिहिलं जातं याचा तुम्हाला फायदा-तोटा होतो, तर त्या पानापुरता तुमचा हितसंबंध आहे. नातं म्हणजे पगाराचं, मालकीचं, घरचं, पदाचं, कोर्टकचेरीचं. तुम्ही शाळेत मास्तर आहात आणि शाळेचं पान लिहिताय, काकांचं चरित्र लिहिताय, स्वतःच्या दुकानाचं, स्वतःच्या पक्षाच्या उमेदवाराचं, हे सगळं त्यात आलं.

जत्रेतल्या कुस्तीच्या मैदानात बघा, एखाद्या पैलवानाचा बाप जुना वस्ताद असतो, डाव त्याच्याइतके कोणाला कळत नाहीत, तरी पोराच्या कुस्तीला त्याला पंच करत नाहीत. तो लबाडी करेल असं कोणी म्हणत नाही. पण त्यानं अगदी बरोबर निकाल दिला तरी समोरच्या पैलवानाच्या गावाला तो पटणार नाही, आणि मैदानात निकाल पटला पाहिजे हे निकाल बरोबर असण्याइतकंच महत्त्वाचं असतं. त्याच वेळी बापाला मैदानातून हाकलूनही देत नाहीत, तो कडेला बसतो, पंचाचं चुकलं तर उठून सांगतो, पंच ऐकतात, आणि निर्णय पंचच देतात. विकिपीडियाचा नियम एवढाच आहे. कडेला बसून बोला, आपण कोणाचे आहोत ते सांगून बोला, पण शिट्टी दुसऱ्याच्या हातात राहू दे.

म्हणजे प्रत्यक्षात तीन गोष्टी करायच्या असतात. आपलं नातं उघड सांगायचं, लेखात थेट हात न घालता चर्चा पानावर बदल सुचवायचा, आणि सोबत संस्थेबाहेरचा पुरावा द्यायचा. मग ज्याचा काही संबंध नाही असा संपादक तो बघून लेखात घालतो किंवा का घालत नाही ते सांगतो. इंग्रजी विकिपीडियावर यासाठी ठरावीक साचा, म्हणजे तयार नमुना आहे, तो चर्चा पानावर लावला की विनंती एका यादीत जाते आणि तिकडं लक्ष ठेवणारे लोक ती उचलतात.

यात पैशाचा भाग वेगळा आणि जास्त कडक आहे. जून २०१४ पासून विकिमीडियाच्या वापराच्या अटींतच लिहिलंय की संपादनासाठी पैसे किंवा कोणताही मोबदला मिळत असेल तर कोणाकडून मिळतो, काम कोणासाठी आहे आणि तुमचा काय संबंध आहे ते जाहीर केलंच पाहिजे. ही अट एकट्या इंग्रजीला नाही, मराठी आणि कन्नड विकिपीडियालाही आहे. संस्थेचा क्लार्क ऑफिसच्या वेळेत ऑफिसच्या सांगण्यावरून पान लिहितो तर ते पैसे घेऊनच लिहिणं झालं, जादाचा एक रुपया मिळाला नाही तरी. याउलट कॉलेजमधले इतिहासाचे प्राध्यापक आपल्या विषयावर, समजा कित्तूरच्या लढाईवर, लिहितात तेव्हा कॉलेज पगार देतं म्हणून ते पेड एडिटर होत नाहीत. कॉलेजचंच पान लिहिलं तर मात्र संबंध आला.

"पण आमच्याइतकी माहिती कोणाला आहे?"

हा पहिला आक्षेप असतो आणि तो पटण्यासारखा आहे. गावातल्या वाचनालयाची स्थापना कोणी केली, पहिली पुस्तकं कोणाच्या घरातून आली, इमारतीसाठी जागा कोणी दिली, हे बाहेरच्या माणसाला कुठून माहीत असणार? म्हणून तर तुम्हाला चर्चा पानावर या म्हणतात. माहिती तुमच्याकडची, फक्त ती लेखात आणायचा निर्णय दुसऱ्याचा.

पण इथं एक अडचण खरीच आहे, आपल्याकडची बरीच माहिती फक्त स्मरणिकेत आणि गौरवांकात असते. स्मरणिका संस्थेनंच काढलेली, त्यामुळं ती स्वतंत्र संदर्भ होत नाही. स्थापनेचं साल, पदाधिकाऱ्यांची नावं असल्या साध्या गोष्टींना ती चालते, पण "सीमाभागातील अग्रगण्य संस्था" हे वाक्य तिच्या आधारावर लिहिता येत नाही. मग काय शोधायचं? पेपरातली बातमी, पण आपणच पाठवलेली प्रेसनोट जशीच्या तशी छापलेली नव्हे, बातमीदारानं स्वतः येऊन लिहिलेली. दुसऱ्या कोणी लिहिलेल्या पुस्तकातला उल्लेख. सरकारी गॅझेटियर, बेळगाव जिल्ह्याचं जुनं मुंबई इलाख्याचं गॅझेटियर १८८४ चं आहे आणि ते इंटरनेटवर वाचायला मिळतं. विद्यापीठातले प्रबंध.

आणि एक गोष्ट आपल्या लोकांच्या लक्षातच येत नाही, संदर्भ मराठीच पाहिजे असं कुठंही नाही. कन्नड पेपरात तुमच्या मराठी वाचनालयाबद्दल बातमी आली असेल तर ती उत्तम संदर्भ आहे, उलट दुसऱ्या भाषेतल्या पेपरानं दखल घेतली म्हणजे तिचं वजन जास्तच. आपल्याकडच्या पोरांना दोन्ही भाषा वाचता येतात, पुण्या-मुंबईच्या संपादकाला कन्नड बातमी वाचता येत नाही. हे आपल्या हातातलं बळ आहे आणि आपण ते वापरत नाही याचं मला वाईट वाटतं.

"मी लिहिलंय ते खरंच आहे, मग प्रॉब्लेम काय?"

खरं असेलही. पण आपल्या माणसाबद्दल लिहिताना आपण काय लिहितो यापेक्षा काय गाळतो ते बघा. संस्थेत दहा वर्षांपूर्वी फूट पडली होती, कोर्टात केस चालली होती, ते स्मरणिकेत येत नाही आणि आपणही लिहित नाही. यात खोटं काहीच नाही, तरी वाचणाऱ्याला अर्धंच मिळालं. आणि हे मुद्दाम होतं असंही नाही, हात आपोआप तिकडं जात नाही.

विकिपीडियाच्या एका संस्थापकाबाबतही हेच झालं होतं. जिमी वेल्स यांनी २००५ मध्ये स्वतःबद्दलच्या पानात बदल केले, त्यात लॅरी सँगर यांचा सहसंस्थापक म्हणून असलेला उल्लेख काढला होता, इतिहासात ते दिसलं, बातमी झाली, आणि मग असं करायला नको होतं असं त्यांनी स्वतःच सांगितलं. जो माणूस ही व्यवस्था उभी करतो त्यालाही स्वतःचं पान तटस्थपणे बघता आलं नाही, मग आपल्याला आपल्या वडिलांचं चरित्र लिहिताना कसं जमणार?

"आमच्याबद्दल चुकीचं लिहिलंय, तरी हात लावायचा नाही?"

लावायचा, काही ठिकाणी नक्कीच लावायचा. कोणी येऊन शिवीगाळ लिहून गेला असेल, निम्मं पान पुसून टाकलं असेल, तर ते परत ठीक करायला कोणीच अडवत नाही. शुद्धलेखन, तुटलेली लिंक, चुकलेला पिनकोड, हे पण चालतं. आणि जिवंत माणसाबद्दल बिनपुराव्याची बदनामी लिहिली असेल तर ती लगेच काढता येते, ज्याच्याबद्दल लिहिलंय त्यानं स्वतः काढली तरी. हा नियम एवढा कडक झाला त्याला २००५ चं एक प्रकरण कारण आहे, जॉन सीगनथेलर या अमेरिकन पत्रकाराच्या पानावर केनेडी बंधूंच्या खुनाशी त्यांचं नाव जोडणारा धडधडीत खोटा मजकूर काही महिने तसाच राहिला होता.

पण "चुकीचं" आणि "आम्हाला न आवडणारं" यात फरक आहे. पेपरात छापून आलेल्या गैरव्यवहाराच्या चौकशीची ओळ तुमच्या पतसंस्थेच्या पानावर असेल आणि तिला संदर्भ असेल तर ती तुम्ही काढायची नाही. चौकशीत संस्था निर्दोष सुटली असेल तर त्या निकालाची बातमी घेऊन चर्चा पानावर या, ती घातली जाईल, घातलीच पाहिजे.

"नाव न सांगता बदल केला तर कोणाला कळतंय?"

कळतं. आज नाही तर पाच वर्षांनी कळतं. २००७ मध्ये व्हर्जिल ग्रिफिथ नावाच्या एका विद्यार्थ्यानं विकिस्कॅनर नावाचं टूल काढलं, लॉगिन न करता केलेले बदल कोणत्या कंपनीच्या किंवा सरकारी ऑफिसच्या नेटवर्कवरून झाले ते त्यात दिसायचं, आणि मोठमोठ्या कंपन्या आणि सरकारी खाती स्वतःची पानं साफ करताना सापडली. ज्या ओळी लपवायच्या होत्या त्याच जगभर बातमीत आल्या.

भारतातलं उदाहरण पाहिजे तर आयआयपीएम या मॅनेजमेंट संस्थेच्या पानाचं आहे. त्या पानावर आणि त्याच्याशी जोडलेल्या पानांवर इंग्रजी विकिपीडियाचा एक प्रचालक बराच काळ संस्थेला सोयीचं संपादन करत होता. २०१५ मध्ये तिथल्या लवाद समितीनं, म्हणजे भांडणं मिटवणाऱ्या निवडून आलेल्या संपादकांच्या मंडळानं, त्याच्या प्रकरणाचा निकाल दिला आणि त्याला बंदी घातली. ज्या विद्यार्थ्यांनी ते पान वाचून प्रवेशाचा विचार केला असेल त्यांचा विचार करा. आपल्याकडंही दहावी-बारावीनंतर पोरं आधी मोबाईलवरच कॉलेज शोधतात.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट बाहेर आली. ज्यांची पानं नाकारली गेलीत अशा छोट्या धंदेवाल्यांना गाठून, आम्ही पान करून देतो, सांभाळतो, म्हणून पैसे उकळणारी एक टोळी इंग्रजी विकिपीडियावर सापडली, ३८१ खाती एकदम बंद केली गेली. हे वाचून ठेवा, कारण "विकिपीडिया पेज गॅरंटीनं करून देतो" असं सांगणारे एजंट अजूनही आहेत. अशी गॅरंटी कोणालाच देता येत नाही. आणि विकिपीडियाचा कोणताही प्रचालक पान ठेवण्यासाठी पैसे मागत नाही, मागितले तर तो प्रचालक नव्हे.

अनेक खाती काढून आपणच आपल्याला पाठिंबा द्यायचा, किंवा ग्रुपवर मेसेज टाकून पंचवीस जणांना एकाच पानावर पाठवायचं, हेही त्यातच मोडतं. तिथं मतं मोजत नाहीत, मुद्दा आणि पुरावा बघतात, त्यामुळं गर्दी करून उपयोग काहीच होत नाही, उलट पुढच्या चांगल्या विनंतीवरचाही विश्वास जातो.

"मग सीमाभागातल्या प्रत्येक माणसाचा हितसंबंध आहे म्हणायचं का?"

हा खरा आपला प्रश्न. बेळगावच्या पानावर, सीमावादाच्या पानावर, मराठी माणूस लिहायला गेला की समोरचा म्हणतो तुम्ही महाराष्ट्रवादी, तुमचा हितसंबंध आहे. कन्नड माणूस लिहितो तेव्हा आपले लोक तेच म्हणतात. दोन्हीही चूक आहे.

मत असणं, भाषा असणं, एका गावात जन्मणं हा हितसंबंध धरत नाहीत. तसं धरलं तर भारताबद्दल भारतीयांनी लिहायचंच नाही असं होईल. टिळकवाडीत राहणाऱ्या माणसानं काँग्रेस विहिरीबद्दल लिहावं, १९२४ च्या बेळगाव काँग्रेसबद्दल लिहावं, ज्या एकमेव अधिवेशनाचे अध्यक्ष गांधीजी होते, त्यासाठी झटलेल्या गंगाधरराव देशपांड्यांबद्दल लिहावं, यात काही आड येत नाही, उलट त्यानंच लिहावं. हितसंबंध येतो तो पदातून आणि पैशातून. तुम्ही महाराष्ट्र एकीकरण समितीचे पदाधिकारी आहात, कन्नड संघटनेचे पदाधिकारी आहात, कोणत्याही बाजूच्या सरकारच्या माहिती खात्यात आहात, सीमाखटल्यात वकील आहात, महापालिकेला उभे आहात, तर त्या पानांवर थेट लिहू नका, चर्चा पानावर सांगून बोला. नुसता साधा सभासद असेल तर नियम धूसर आहे, माझं मत विचाराल तर तरीही सांगून टाकावं. सांगितल्यानं शब्दाचं वजन कमी होत नाही, उलट समोरचा जरा शांतपणे ऐकतो.

मत कुठं जातं मग? ते तटस्थतेच्या नियमाखाली येतं, आणि तो नियम सगळ्यांना लागू आहे, हितसंबंध असो नसो. उदाहरणच घ्या. "बेळगाव अन्यायानं कर्नाटकात डांबलं गेलं" हे वाक्य माझ्या मनात आहे, माझ्या घरात सगळ्यांच्या मनात आहे, पण ज्ञानकोशात ते असं चालत नाही. तिथं असं लिहावं लागतं की बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत चंदगड तालुका सोडून तो तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, महाराष्ट्रानं मराठीबहुल भागावर हक्क सांगितला, १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला गेला, १९६७ च्या अहवालात आयोगानं बेळगाव शहर म्हैसूरकडंच ठेवावं आणि काही गावं महाराष्ट्राला द्यावीत असं सुचवलं, महाराष्ट्रानं तो अहवाल नाकारला, कर्नाटक तोच अंतिम मानतं, आणि महाराष्ट्रानं २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. प्रत्येक तुकड्याला संदर्भ. हे लिहिताना हात जड होतो, कबूल आहे. पण मुंबईतला, दिल्लीतला, कोचीतला वाचक हे वाचून स्वतः विचार करतो, आणि आपली बाजू तारखांसकट त्याच्यासमोर राहते. पहिलं वाक्य तर तासाभरात कोणीतरी पुसतो आणि त्याच्या जागी उलट वाक्य लिहितो.

नावाचं भांडणही असंच. १ नोव्हेंबर २०१४ ला कर्नाटक सरकारनं शहराचं अधिकृत नाव बेळगावी केलं. मराठी पेपर आणि मराठी माणूस बेळगाव लिहितो, बोलतो. विकिपीडियावर साधारण रीत अशी की त्या त्या भाषेतल्या लिखाणात जे नाव रूढ आहे त्याकडं बघायचं आणि दुसरं नाव लेखात सांगायचं. रोज उठून इकडून तिकडं नाव बदलत राहिलं तर पान कुलूपबंद होतं आणि मग कोणालाच काही सुधारता येत नाही. इंग्रजी विकिपीडियावर तर भारत, पाकिस्तान, अफगाणिस्तानशी संबंधित विषय वादग्रस्त विषयांच्या यादीतच आहेत, तिथं प्रचालक लवकर कारवाई करतात.

"समोरचे करतात मग आपणच का पाळायचं?"

समोरचा करत असेल तर इतिहासात त्याची नोंद आहे, ती दाखवून चर्चा पानावर किंवा चावडीवर, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक चर्चेच्या जागी, तक्रार करा. कोणत्या बदलात काय चूक आहे ते दाखवा. पण एक गोष्ट अजिबात करू नका, समोरच्या खात्यामागचा माणूस कोण, कुठं राहतो, कुठं नोकरी करतो हे शोधून जाहीर करणं. विकिपीडियावर हा गंभीर गुन्हा धरतात, खातं कायमचं जाऊ शकतं. आणि आपल्या भागात, जिथं १ नोव्हेंबर आला की एका बाजूला कन्नड राज्योत्सव आणि दुसऱ्या बाजूला मराठी माणसांचा काळा दिवस असतो, तिथं एखाद्या पोराचं नाव-गाव असं चव्हाट्यावर आणणं किती धोक्याचं आहे ते वेगळं सांगायला नको. दिल्लीतल्या खटल्यात संपादकांची माहिती मागितल्यावर देशभरचे संपादक घाबरले ते याच कारणानं.

बरं, विनंती लिहायची कशी?

सोपी असते. समजा वाचनालयाच्या पानावर स्थापनेचं साल चुकलंय. लेखावरच्या चर्चा या टॅबवर जा, नवीन विषय सुरू करा आणि असं लिहा:

"नमस्कार. मी या वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर आहे, म्हणून लेखात थेट बदल करत नाही. पहिल्या परिच्छेदात स्थापनेचं साल चुकीचं आहे असं वाटतं. बरोबर साल अमुक पुस्तकात अमुक पानावर आहे, पुस्तकाचा वाचनालयाशी संबंध नाही. त्या पानाचा फोटो मागितल्यास दाखवू शकतो. कृपया कोणीतरी तपासून दुरुस्ती करावी."

बास. एका वेळी एकच मुद्दा, जुनं वाक्य काय, नवं काय, पुरावा कुठं. अख्खा नवीन लेख लिहून तो चिकटवा म्हणून दिला तर कोणी हात लावत नाही, वेळ कोणाकडं आहे? आपल्या सदस्य पानावरही, म्हणजे आपल्या खात्याच्या स्वतःच्या पानावर, एक ओळ लिहून ठेवा की माझा अमुक संस्थेशी संबंध आहे. खातं संस्थेच्या नावानं काढू नका, स्वतःचं काढा, खरं नाव पाहिजे असं नाही.

फोटो मात्र खुशाल द्या. इमारतीचा, जुन्या ग्रंथसंग्रहाचा, संमेलनाच्या ग्रंथदिंडीचा तुम्ही स्वतः काढलेला फोटो विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या फोटोंच्या सामाईक साठ्यात, चढवला तर त्यात वाद फारसा येत नाही, आणि सीमाभागातल्या गावांचे चांगले फोटो तिथं खूपच कमी आहेत. संस्थेच्या वेबसाईटवरचा मजकूर मात्र तसाच कॉपी करू नका, त्यावर कॉपीराईट असतो. तुम्ही स्वतः सीमाभागाच्या इतिहासावर पुस्तक लिहिलं असेल तर त्याचा संदर्भ द्यायलाही पूर्ण बंदी नाही, पण प्रत्येक पानावर आपलंच पुस्तक दिसायला लागलं की लोकांना शंका येते, चर्चा पानावर सुचवलेलं बरं.

आणि पानच नसेल तर? तर आधी विचारा की संस्थेबाहेरच्या माणसांनी तिच्याबद्दल सविस्तर काही लिहिलंय का. नसेल तर पान टिकणार नाही, संस्था वाईट आहे म्हणून नव्हे, लिहायला आधार नाही म्हणून. अशा वेळी गावाच्या पानावर संदर्भासकट दोन ओळी येऊ शकतात, येळ्ळूरच्या पानावर राजहंसगडाबरोबर तिथल्या साहित्य संमेलनाची ओळ असणं हेही चांगलंच आहे.

कोणी उत्तरच दिलं नाही तर?

मराठी विकिपीडियावर ही खरी अडचण आहे. इंग्रजीच्या मानानं इथं रोज काम करणारे फारच थोडे, त्यामुळं चर्चा पानावरची विनंती कोणाला दिसतच नाही असं होतं. दोन-तीन आठवडे थांबा, मग चावडीवर लिंक देऊन विचारा, किंवा अलीकडं सक्रिय असलेल्या एखाद्या प्रचालकाच्या चर्चा पानावर नम्रपणे लिहा. इतिहास टॅबमध्ये त्या लेखावर आधी काम केलेले सदस्य दिसतात, त्यांनाही सांगता येतं.

पण यावर खरा उपाय आपल्यातच आहे. खानापूरच्या वाचनालयाशी निपाणीच्या पोरीचा काही संबंध नाही, ती ते पान तपासू शकते. कडोलीच्या संमेलनाचं पान शहापुरातला मुलगा बघू शकतो. तू माझं पास कर मी तुझं करतो असा सौदा झाला तर तो परत हितसंबंधच झाला, तसं नको, प्रत्येकानं पुरावा बघून हो किंवा नाही म्हणायचं, ओळखीच्या सरांची विनंती असली तरी. कॉलेजांतल्या मराठी विभागांनी वर्षातून एखादा शनिवार यासाठी दिला, कन्नड विभागातली दोन मुलं सोबत बसली, तर दोन्ही भाषांतल्या बातम्या शोधून कित्येक गावांची पानं संदर्भासकट नीट होतील. सुरुवात करायची असेल तर आपल्या शेजारच्या गावाचं पान उघडा, स्वतःच्या नको, आणि ज्या वाक्याला संदर्भ नाही त्यासाठी एक बातमी शोधून जोडा.